सुटलेला माग, जुळवलेला माग

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई हायकोर्टाने ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही आरोपींना निर्दोष ठरवले. विशेष मोक्का न्यायालयाने २०१५ साली त्यांतल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. एक जण २०२१ साली तुरुंगातच वारला. २००६ च्या त्या मंगळवारी संध्याकाळी अवघ्या अकरा मिनिटांत माटुंगा रोडपासून मीरा रोडपर्यंत सात लोकलच्या फर्स्ट क्लास डब्यांत स्फोट झाले, त्यांतला एक बोरीवलीला. १८० हून अधिक माणसे गेली. बोरीवलीसारख्या ज्या उपनगरात घरटी एक तरी माणूस चर्चगेटची गाडी धरतो, तिथे हा निकाल परका वाटणे शक्यच नव्हते. त्यावरचा संतापही समजण्यासारखा आहे. पण त्या संतापाला आधार म्हणून जो युक्तिवाद पुढे केला जातो, तो मात्र तपासून घ्यायला हवा. गुन्हेगार कितीही बेरकी असला तरी कुठेतरी चुकतो, माग सोडतो. दहशतवादी तर सोडतातच, १९९३ ला सोडला, २६/११ ला सोडला. तेव्हा पुरावा होताच, कोर्टाने तांत्रिक खुसपटे काढून तो बाजूला सारला, असा हा युक्तिवाद. त्याचा पूर्वार्ध बराचसा खरा आहे. उत्तरार्ध त्यातून निघत नाही. उलट पूर्वार्धावर आंधळा विश्वास ठेवल्यामुळेच २००६ च्या तपासाची वाट लागली, असे माझे म्हणणे आहे.

या मताच्या नेमकी उलट बाजू मांडणारेही कमी नाहीत. त्यांना माग सापडला की संशय येतो. एवढा मोठा कट रचणारा माणूस स्वतःच्या घरच्यांच्या नावावरची गाडी रस्त्यात सोडून जाईल? समुद्रातून येऊन शहर वेठीला धरणारे सॅटेलाइट फोन बोटीत विसरतील? पॅरिसमध्ये जानेवारी २०१५ मध्ये शार्ली एब्दोच्या कचेरीवर हल्ला करणाऱ्यांपैकी एकाचे ओळखपत्र त्यांनी टाकून दिलेल्या मोटारीत सापडले, न्यूयॉर्कला ११ सप्टेंबर २००१ रोजी एका अपहरणकर्त्याचा पासपोर्ट रस्त्यावर मिळाला, तेव्हाही जगभर हेच विचारले गेले. इतका सोयीचा पुरावा म्हणजे तो पेरलेलाच असणार, हा त्यांचा निष्कर्ष. एक पक्ष म्हणतो माग नसणे अशक्य, दुसरा म्हणतो असा माग असणे अशक्य. दोघेही हल्ला करणाऱ्याच्या अकलेबद्दल बोलत राहतात. त्या कामाच्या स्वरूपाबद्दल कोणी बोलत नाही, आणि उत्तर तर तिथेच आहे.

१२ मार्च १९९३ चे उदाहरण घेऊ, कारण मुंबईच्या तपासाच्या इतिहासात एवढा लख्ख माग क्वचितच मिळाला. त्या दुपारी शहरात ओळीने स्फोट झाले, २५७ माणसे मेली. संध्याकाळी वरळीला एक मारुती व्हॅन बेवारस उभी असलेली आढळली. आत ए. के. ५६ रायफली आणि हातबॉम्ब. तपासात पुढे आलेली हकीकत अशी, की ही गाडी शस्त्रांसकट पुढच्या हल्ल्यासाठी निघाली होती, पण सेंच्युरी बाजारचा त्यांच्याच साथीदारांचा स्फोट जवळ झाला, गाडीचे नुकसान झाले, आतले घाबरले आणि गाडी तिथेच टाकून पळाले. आरटीओच्या नोंदीत ही व्हॅन मेमन कुटुंबातल्या एका बाईच्या नावावर निघाली. पत्ता माहीमच्या अल हुसैनी इमारतीचा. घराला कुलूप, कुटुंब दुबईला गेलेले. घरात एक किल्ली सापडली, आणि दादरच्या नायगाव क्रॉस रोडवर न फुटलेली जी स्कूटर मिळाली, तिला ती लागली. स्फोटांनंतर काही तासांत पोलीस योग्य दारात पोचले होते.

ही चूक मूर्खपणाची होती का? कटाचा सूत्रधार टायगर मेमन मूर्ख नव्हता. गाडी खरेदी करायची तर ती कोणाच्या तरी नावावर लागते, आणि स्फोटाच्या दिवसापर्यंत त्या नावाला काही धोका नव्हता. त्या दिवसानंतर कुटुंब मुंबईत राहणारच नव्हते. योजनेत व्हॅन शेवटपर्यंत कामाला येणार होती. ती वरळीच्या रस्त्यावर अंगाशी येईल, हे कुणाच्या हिशेबात नव्हते. कट रचणाऱ्याची सगळी काळजी एका गोष्टीवर खर्च होते: हल्ला होण्याआधी पकडले जाता कामा नये. हल्ल्यानंतर काय उरेल, याची चिंता ज्याला करायची तो बहुधा तोवर देशाबाहेर असतो, किंवा ज्यांना पाठवले त्यांनी जिवंत परतायचे नसतेच. म्हणून माग हा बहुतेक वेळा हातांचा राहतो, डोक्याचा नाही. या खटल्यात शंभर जण दोषी ठरले. त्यांत रायगडच्या दिघी आणि शेखाडीला उतरलेला माल वाहणारे होते, गाड्या लावून येणारे होते, लाच घेऊन डोळेझाक करणारे कस्टमचे अधिकारी आणि पोलीस होते. टायगर मेमन आणि दाऊद इब्राहिम आजही हाती आलेले नाहीत.

दुसरे कारण सरावाचे. घरफोड्या करणारा शंभर घरे फोडून शिकतो. दहाव्या घरी केलेली चूक अकराव्या घरी करत नाही. बॉम्ब ठेवणाऱ्याला अकरावे घर मिळत नाही. तो हे काम एकदा करतो, आणि बहुधा तेच पहिल्यांदा. रंगीत तालीम झालीच तर तुकड्यातुकड्यांनी. जे एकदा करून वाचले, ते पकडले गेलेले असतात किंवा पुढच्या खेपेला दुसऱ्याला पाठवतात. शिवाय गुप्ततेसाठी ज्याला त्याला गरजेपुरतेच सांगितलेले असते. गाडी भाड्याने घेणाऱ्याला ती गाडी नेमकी कशासाठी हवी, हे पुरते ठाऊक नसेल तर त्या पावतीवरच्या आपल्या सहीचे मोल त्याला कसे कळावे? मुंबईच्या स्फोटांच्या दोनच आठवडे आधी, २६ फेब्रुवारी १९९३ रोजी, न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरखाली भाड्याची व्हॅन फुटली. तिच्या एका तुकड्यावरच्या क्रमांकावरून पोलीस भाडे देणाऱ्या कंपनीपर्यंत पोचले, तर ज्याने ती भाड्याने घेतली होती तो माणूस गाडी चोरीला गेली असे सांगून ४०० डॉलरची अनामत परत मागत होता. त्याला तिथेच धरले. आपण हसतो, पण त्या माणसाकडे पैसे संपले होते आणि त्याला तिकीट काढून पळायचे होते. ज्यांना आपण यंत्रासारखे थंड समजतो, ती अनेकदा कमी पैशांत, घाईत आणि भेदरलेल्या अवस्थेत वावरणारी माणसे असतात.

तिसरे कारण थोडे विचित्र आहे. संघटना चालवायची तर हिशेब ठेवावे लागतात, कारण ज्या लोकांना चोरून काम करायला लावले ते पैसेही चोरू शकतात. अमेरिकेतले अभ्यासक जेकब शपिरो यांनी २०१३ च्या आपल्या पुस्तकात हीच अडचण मांडली आहे: आपल्याच माणसांवर लक्ष ठेवायचे तर कागद वाढतात, आणि कागद वाढले की धोका वाढतो. मालीतल्या तिंबक्तू शहरातून २०१३ साली अल कायदाच्या शाखेने पळ काढला, तेव्हा मागे शंभराहून अधिक पावत्या राहिल्या. त्यांत साबण, केक, विजेचा एक दिवा असल्या खर्चाचीसुद्धा नोंद होती. आणि हिशेबाच्या पलीकडे प्रसिद्धीची हाव. हा गुन्हा गुप्तपणे करायचा असतो, पण तो कुणी केला हे गुप्त राहिले तर त्याचा हेतूच फसतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या स्फोटांच्या सुमारास इंडियन मुजाहिदीनने जबाबदारी घेणारा जो मेल पाठवला, तो नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरातल्या वाय-फायवरून गेला होता. त्या घरातल्या माणसाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पुढचे मेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजातून आणि चेंबूरमधून गेले. गप्प बसले असते तर तपासाला त्या बाजूचे दार तरी मिळाले नसते. पण गप्प बसणे त्यांना परवडणारे नव्हते.

आता २६/११. पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारीची बोट भर समुद्रात ताब्यात घेऊन, खलाशांना मारून, दहा जण मुंबईजवळ आले आणि तांडेलाचाही खून करून रबरी होडीने कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले. कुबेर बुडवायची असे ठरले होते. ती तरंगत राहिली, आत सॅटेलाइट फोन आणि जीपीएस यंत्र तसेच. हे कसे झाले, याचे उत्तर हल्ला चालू असतानाच खुद्द हल्लेखोरांनी देऊन ठेवले आहे. ताजमधला एक जण पाकिस्तानातल्या सूत्रधाराशी फोनवर बोलत होता, ते संभाषण आपल्या यंत्रणांनी टिपले. सूत्रधार विचारतो, बोटीत पाणी शिरावे म्हणून खालचा भाग उघडलात का? नाही, घाई झाली, हे उत्तर. मग आणखी एक मोठी चूक झाल्याची कबुली: होडीत उतरताना लाटा मोठ्या होत्या, दुसरी एक बोट दिसली, कुणीतरी नौदल आले म्हणून ओरडला, सगळ्यांनी धडाधड उड्या मारल्या आणि त्या गडबडीत इस्माईलचा सॅटेलाइट फोन मागे राहिला. कटाची आखणी पाकिस्तानात महिनोन्‌महिने झाली, आणि अंधारात उसळत्या पाण्यावर ओरडणारा एक माणूस त्या आखणीला पुरून उरला. यात बनाव कुठे दिसतो? हा संवाद कुणी लिहून दिला असता तर तो इतका साधा लिहिला नसता.

तरीही मी दुसऱ्या पक्षाच्या शंकेला उडवून लावत नाही, कारण त्याच खटल्यात तिला उत्तर द्यावे लागेल असा एक पुरावा होता. सरकार पक्षाचे म्हणणे असे, की दोघा भारतीय आरोपींनी हल्ल्याच्या ठिकाणांचे हाताने काढलेले नकाशे पुरवले आणि त्यांतला एक नकाशा मारल्या गेलेल्या अबू इस्माईलच्या पँटच्या खिशात मिळाला. न्यायाधीश ताहिलियानी यांनी तो कागद पाहिला. पँट रक्ताने माखलेली. कागदावर रक्ताचा डाग नाही, तो चुरगळलेलाही नाही. समुद्रातून आलेला, दोन ठिकाणी गोळीबार करून आलेला, चकमकीत मेलेला माणूस, आणि त्याच्या खिशातला नकाशा कोराकरकरीत. २०१० साली ते दोघे सुटले, हायकोर्टानेही त्यांची सुटका कायम केली, आणि २०१२ साली कसाबची फाशी कायम करणाऱ्या सुप्रीम कोर्टानेही. म्हणजे एकाच खटल्यात, एकाच तपास यंत्रणेच्या हातून आलेल्या पुराव्यांपैकी एकाने कसाबला फासापर्यंत नेले आणि दुसरा कोर्टात पाचोळ्यासारखा उडाला. सगळा पुरावा पेरलेला, हे म्हणणाऱ्यांना आणि सगळा खरा, हे म्हणणाऱ्यांना, दोघांनाही हा निकाल अडचणीचा आहे.

या दोन प्रकारच्या पुराव्यांत फरक काय, हे नीट पाहिले की बाकीचे कोडे सुटते. सुटलेला माग हा पोलीस येण्याच्या आधीच कुठेतरी, तिसऱ्याच्या दप्तरात नोंदलेला असतो. मारुती व्हॅनचा नंबर आरटीओत होता, भाड्याची पावती न्यूयॉर्कच्या कंपनीत होती. रबरी होडीचे यामाहा इंजिन जपानहून पाकिस्तानात गेले होते, ते कंपनीच्या नोंदींत होते. इतके की पाकिस्तानच्या एफआयएचे माजी प्रमुख तारिक खोसा यांनी ऑगस्ट २०१५ मध्ये तिथल्याच ‘डॉन’ दैनिकात लिहिले, की ते इंजिन जपानहून लाहोरला आणि तिथून कराचीच्या एका दुकानात आल्याचा छडा त्यांच्याच यंत्रणेने लावला. मुंबई पोलिसांना कितीही वाटले असते तरी त्यांना कराचीतल्या दुकानाची विक्री घडवून आणता आली नसती. याउलट कबुलीजबाब, आरोपीने ‘दाखवून दिलेला’ मुद्देमाल, महिन्यांनी सापडलेला साक्षीदार, हे सगळे तपास सुरू झाल्यावर, तपास करणाऱ्याच्या हातात तयार होते. तेवढ्यावरून ते खोटे ठरत नाही. पण त्याच्याशी जुळणारे काहीतरी बाहेरच्या जगात आधीपासून नोंदलेले नसेल, तर ते खरे आहे हे ठरवायला आपल्यापाशी पोलिसांच्या शब्दापलीकडे काही उरत नाही. १९९३ च्या खटल्यातही टाडाखालच्या कबुलीजबाबांवर पुष्कळ शिक्षा उभ्या आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांबद्दल शंका घेता येईल, हे मी मान्य करतो. पण पहिला धागा आरटीओच्या वहीत होता, बाकीचे त्याला लागून आले.

११ जुलै २००६ ला असा धागा नव्हता. लोकलची परिस्थितीच तशी. विमानात, लांब पल्ल्याच्या गाडीत, लॉजमध्ये माणसाचे नाव कुठेतरी उतरते. चर्चगेटहून सहाच्या सुमारास सुटणाऱ्या गाडीत नाव कुठेच उतरत नाही. रॅकवर बॅगा एकमेकांच्या डोक्यावरून पुढे सरकवल्या जातात, कुणाची कोणती हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते, आणि आजच्यासारखे कॅमेऱ्यांचे जाळे तेव्हा नव्हते. त्यात स्फोटाची जागा म्हणजे धावती गाडी आणि रूळ. पावसाळा होता. जखमींना लोकांनीच चादरींत घालून बाहेर काढले, आणि ते बरोबरच होते. पश्चिम रेल्वे काही तासांत पुन्हा चालू झाली, दुसऱ्या दिवशी बोरीवलीकर पुन्हा फलाटावर. मुंबईच्या जिगरीचे त्या वेळी जे गोडवे गायले गेले, त्यांना माझी हरकत नाही, मात्र रूळ मोकळे करण्याच्या घाईत पुराव्याचे काय होते, हा प्रश्न त्या कौतुकात कुणी विचारला नाही. थोडक्यात, माग फारसा नव्हता, आणि जो होता तो पुसट होता.

पण माग असलाच पाहिजे, या समजुतीला हे पटत नाही. दबाव वरून होता, लोकांचाही होता. मग मोक्का कामी आला. १८७२ च्या पुरावा कायद्यानुसार पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नसे. इंग्रजांनाही आपल्या पोलिसांबद्दल एवढी खात्री होती. १९९९ च्या मोक्काने पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य धरली. या खटल्यात ११ आरोपींचे असे कबुलीजबाब उभे राहिले. हायकोर्टाने ते वाचले आणि वेगवेगळ्या अधिकाऱ्यांनी, वेगवेगळ्या माणसांकडून घेतलेल्या जबाबांतला मजकूर जागोजागी सारखा असल्याचे नोंदवले. छळाच्या तक्रारींना वैद्यकीय कागदांचा आधार असल्याचेही. आरोपींना चर्चगेटला सोडले म्हणणारे टॅक्सीवाले शंभराहून अधिक दिवस गप्प होते आणि मग एकाएकी त्यांना चेहरे आठवले. रोज बोरीवलीहून प्रवास करणाऱ्या कुणीही स्वतःला विचारावे, साडेतीन महिन्यांपूर्वीच्या एका संध्याकाळी आपल्यासमोर बसलेल्या माणसाचे तोंड आठवते का? ओळखपरेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच उरला नव्हता. जप्त केलेला माल सीलबंद अवस्थेत प्रयोगशाळेपर्यंत पोचला, हे सिद्ध झाले नाही. आणि सगळ्यात चकित करणारी गोष्ट: बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते, हेसुद्धा सरकार पक्षाने रेकॉर्डवर आणले नव्हते. जगभरच्या बातम्यांत हे प्रेशर कुकरचे स्फोट म्हणून गेले, आपल्यालाही ते कुकरचेच आठवतात. एकोणीस वर्षांत एवढे एक वाक्य न्यायालयात पक्के करता आले नाही. याला तांत्रिक खुसपट म्हणायचे असेल तर ‘तांत्रिक’ शब्दाचा अर्थ बदलावा लागेल.

हे सगळे हा निकाल देणाऱ्या न्यायमूर्ती किलोर आणि न्यायमूर्ती चांडक यांनी आपल्या मनाने काढले, असे ज्यांना वाटते त्यांनी २००८ सालातली एक गोष्ट आठवावी. त्या वर्षी मुंबई पोलिसांच्याच गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीनचे काही जण पकडले. त्यांतल्या एकाचा, मोक्काखालीच नोंदलेला, कबुलीजबाब असा की ११ जुलैचे स्फोट आम्ही केले. लोकल स्फोटांचा तपास करणाऱ्या दहशतवादविरोधी पथकाचे, म्हणजे एटीएसचे, आरोपपत्र मात्र वेगळ्याच माणसांवर दाखल होते, खटला कोर्टात होता. एटीएसने या माणसाचा ताबा घेतला, चौकशी केली आणि या प्रकरणात त्याचा संबंध नाही असे ठरवून त्याला त्यातून वगळले. पुढे त्यानेही आपला जबाब नाकारला. आता पाहा. एकाच राज्याच्या पोलिसांनी, एकाच कायद्याखाली, एकाच गुन्ह्याचे दोन कबुलीजबाब घेतले, आणि ते दोन्ही खरे असू शकत नाहीत. म्हणजे निदान एका ठिकाणी तरी वरिष्ठ अधिकाऱ्यापुढे न केलेल्या गुन्ह्याची कबुली कागदावर उतरली. कबुली हा माग असता तर एकाच स्फोटांचे दोन माग दोन वेगळ्या दारांशी गेले नसते.

यावर एक आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. तुम्ही चुका करणाऱ्यांचीच उदाहरणे देता, कारण तेच पकडले गेले. ज्यांनी चूक केली नाही ते तुम्हाला माहीतच नाहीत, मग दहशतवादी चुका करतातच हे कशावरून? आक्षेप बरोबर आहे. माग सुटणे हा नियम नाही, ती एक दाट शक्यता आहे. आणि ती शक्यता किती दाट, हे हल्ल्याच्या प्रकारावर ठरते. पण या आक्षेपाचा फटका मला कमी आणि ‘पुरावा असणारच’ म्हणणाऱ्याला जास्त बसतो. काही हल्ल्यांचा उलगडा होणार नाही, ही शक्यता ज्याला मानता येत नाही, त्याला उलगडा तयार करावा लागतो. दुसरा आक्षेप पोलिसांच्या बाजूचा: माणसे कमी, वेळ कमी, वरून दडपण, साक्षीदार घाबरलेले, अशा वेळी कबुलीखेरीज हाती काय राहते? ही अडचण खरी आहे. पण ज्या वेळी माग खरोखर हातात होता, त्या वेळी काय झाले तेही बघावे. १९९३ च्या स्फोटांच्या दोन-तीन दिवस आधी पोलिसांनी पकडलेल्या एका तरुणाने आपण बाहेरून प्रशिक्षण घेऊन आलो, मुंबईत स्फोट होणार आहेत, हे सांगितले होते. कुणी मनावर घेतले नाही. २००८ मध्येही समुद्रमार्गे हल्ल्याचे आणि ताजचे इशारे अमेरिकेकडून आले होते. हल्ल्याआधी चालून आलेला माग न वाचणारी यंत्रणा हल्ल्यानंतर नसलेला माग वाचून दाखवते, तेव्हा कमी मनुष्यबळाची सबब पुरी पडत नाही.

हा प्रश्न एका धर्माच्या आरोपींपुरता आहे, असे कुणाला वाटू नये म्हणून मालेगाव. ८ सप्टेंबर २००६ च्या स्फोटांसाठी एटीएसने नऊ मुस्लिम तरुणांना धरले. पुढे एनआयएच्या तपासाने वेगळ्याच लोकांकडे बोट दाखवले आणि २०१६ साली कोर्टाने या तरुणांना आरोपमुक्त केले. २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटात मात्र १९९३ च्या व्हॅनसारखाच माग होता, एलएमएल फ्रीडम मोटरसायकल. नंबर खोडलेले, पण इंजिनावरून मालकीपर्यंत पोचल्याचा एटीएसचा दावा होता. ३१ जुलै २०२५ रोजी, लोकल खटल्याच्या निकालानंतर बरोबर दहा दिवसांनी, विशेष न्यायालयाने या खटल्यातल्या सातही हिंदू आरोपींना सोडले. चासीचा क्रमांक पूर्ण वाचता आला नव्हता, बॉम्ब त्याच मोटरसायकलमध्ये होता हे सिद्ध झाले नाही, घटनास्थळाचा नकाशा काढलेला नव्हता, बोटांचे ठसे घेतलेले नव्हते. इथे बाहेरच्या दप्तरातली नोंद होती, ती आणि बॉम्ब यांना जोडणारा दुवा हातातून निसटला. लोकल खटल्याच्या निकालावर राज्य सरकार लगेच सुप्रीम कोर्टात धावले. मालेगावच्या निकालाचे सत्ताधारी नेत्यांनी स्वागत केले. दोन्ही ठिकाणी मेलेल्यांच्या घरच्यांना मिळाले ते एकच: कुणी मारले, हे माहीत नाही.

२४ जुलै २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने लोकल खटल्याचा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. अपील चालेल, चालावे. पण अपिलाचा एक परिणाम कुणी बोलून दाखवत नाही. सरकारची भूमिका जोवर हेच बारा जण दोषी अशी आहे, तोवर त्याच सरकारचा कोणताही अधिकारी दुसऱ्या कुणाचा शोध घेऊ शकत नाही. तसे केले तर अपिलाचा पायाच ढासळेल. गुन्हा उलगडल्याचा खोटा देखावा उभा केला की खरा धोका मोकाटच राहतो, हे हायकोर्टाने निकालात सुरुवातीलाच म्हटले आहे, आणि अपील दाखल झाल्यापासून नेमके तेच चालू आहे. सरकारच्या दप्तरात ११ जुलैच्या स्फोटांचे दोन प्रकारचे कबुलीजबाब पडून आहेत. गुन्हे शाखेने घेतलेला जबाब खोटा असेल, तर तो कुणी आणि कसा लिहून घेतला याची चौकशी हवी. खरा असेल, तर एटीएसने त्या माणसाला या प्रकरणातून वगळले त्याची. यांतले काय धरायचे ते गृहखात्याने सुप्रीम कोर्टापुढे लेखी सांगावे, आणि बोरीवली स्टेशनावर त्या दिवशी ज्यांची माणसे गेली त्यांनाही.